घरगुती संगणकाचा इतिहास केवळ मालकांचा नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरगुती संगणकाच्या आरंभकाळावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. या विषयावर मराठीत मुळातच फार थोडे लिहिले जात असल्यामुळे त्या लेखाचे स्वागत केले पाहिजे, यात शंका नाही. मात्र लेखातील इतिहासाचा क्रम नेहमीचाच आहे: कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमध्ये दोन तरुणांनी संगणक बनवला, मग १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, मग विंडोज आली आणि अखेर संगणक घरोघरी पोचला. हा क्रम इतक्या वेळा छापला गेला आहे की तो तपासून पाहण्याचे कष्ट आता कोणी घेत नाही. मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालो. १९८० च्या दशकात सरकारी योजनेतून शाळेला मिळालेले ब्रिटिश संगणक चालवण्याची आणि शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि तेव्हापासून या विषयाचे वाचन सुटलेले नाही. त्या आधारावर मला असे म्हणायचे आहे की घरगुती संगणकाचा इतिहास आजवर मालकांच्या आठवणींतून लिहिला गेला; एक तर कंपन्यांच्या मालकांच्या, नाहीतर लहानपणी ज्यांच्या घरी तो संगणक होता त्यांच्या. ज्यांनी ती यंत्रे कारखान्यात जोडली, ज्यांनी ती शाळेत शिकवली आणि ज्यांनी ती दहा-पंधरा जणांत वाटून वापरली, त्यांची नोंद या इतिहासात जवळजवळ नाही.

प्रथम गॅरेजविषयी. लॉस आल्टोस येथील स्टीव्ह जॉब्स यांचे ते घर २०१३ साली स्थानिक पातळीवर ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदले गेले आणि पुढच्याच वर्षी ॲपलचे दुसरे संस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी एका मुलाखतीत स्पष्ट केले की गॅरेजची गोष्ट बरीचशी दंतकथा आहे. रचना, आराखडे, चिपांची जुळणी हे काम ते नोकरी करत असलेल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या कचेरीत, त्यांच्या स्वतःच्या जागेवर बसून झाले होते. खुद्द कर्त्याने खुलासा करूनही गॅरेज काही हटत नाही. त्याच काळातली दुसरी गोष्ट म्हणजे १९७७ साली अमेरिकेत एकाच वर्षी तीन तयार संगणक विक्रीला आले: ॲपल टू, कमोडोरचा पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८०. टँडीच्या रेडिओ शॅक या दुकानांचे जाळे अमेरिकेत गावोगाव पसरलेले असल्यामुळे पहिली काही वर्षे टीआरएस-८० चा खप ॲपलपेक्षा कितीतरी जास्त होता. आज त्याचे नाव हौशी मंडळींखेरीज कोणाला ठाऊक नाही, कारण जी कंपनी टिकली तिच्याच पूर्वजांच्या तसबिरी भिंतीवर राहिल्या.

आकड्यांचीही हीच गत आहे. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ विषयी लिहिताना एक कोटी सत्तर लाख यंत्रे विकली गेली असे बेधडक लिहिले जाते, आणि काही ठिकाणी तर हा आकडा तीन कोटींपर्यंत चढवलेला आढळतो. हौशी अभ्यासकांनी जगभरातून त्या यंत्रांवरील अनुक्रमांक गोळा करून हिशेब मांडला, तेव्हा तो सव्वा कोटीच्या आसपास आला. सव्वा कोटी हाही विक्रमच आहे, त्याला फुगवण्याची काही गरज नव्हती. पण एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याने लिहिले, अशा रीतीने आकडा फिरत राहतो.

आपल्या लेखातील एका विधानाला तर मी स्पष्टच आक्षेप घेतो. १९८३ साली व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि घरगुती संगणनाची पहिली लाट ओसरली, असे त्यात म्हटले आहे. कोसळला तो अमेरिकेतला बाजार. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्वस्त संगणकांची विक्री तेजीत होती, आणि कॅसेटवर खेळ लिहून विकणारी शाळकरी वयाची मुले वर्तमानपत्रांत झळकत होती. एका देशातील मंदी साऱ्या जगाचा इतिहास म्हणून आपण मराठीत उतरवून घेतो, आणि ज्या देशातून आपल्या शाळांत पहिले संगणक आले त्या देशाचा त्यात उल्लेखही होत नाही, याचे आश्चर्य वाटते.

ब्रिटनची हकिकत सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्यापासून सुरू करावी लागते. १९८० च्या प्रारंभी त्यांनी झेडएक्स-८० हा संगणक शंभर पौंडांच्या आत विक्रीला आणला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये आलेला झेडएक्स-८१ तयार घेतला तर ६९.९५ पौंडांना आणि सुटे भाग घेऊन घरी जोडला तर ४९.९५ पौंडांना मिळत असे. एवढी स्वस्ताई साधली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि साठवणीसाठी घरातलाच टेपरेकॉर्डर वापरायचा, म्हणजे दोन सर्वांत महाग वस्तू ग्राहकाच्या घरातच सापडल्या. शिवाय ज्या कामाला आधीच्या यंत्रात अनेक चिपा लागत, ते काम फेरांटी कंपनीकडून करून घेतलेल्या एकाच खास चिपेत कोंबले, त्यामुळे झेडएक्स-८१ मध्ये अवघ्या चार चिपा उरल्या. स्मृती मात्र एक किलोबाइट. ती वाढवण्यासाठी मागच्या बाजूला सोळा किलोबाइटचा एक ठोकळा लावावा लागे, आणि तो इतका सैल बसे की टंकन करताना टेबल जरा हलले तरी संगणक बंद पडून तासाभराचे काम नाहीसे होई. स्मरणरंजनात हा ठोकळा आता गमतीचा विषय झाला आहे. त्या वेळी पदरमोड करून यंत्र घेतलेल्या कुटुंबांना त्यात गंमत वाटली असेल, असे मला वाटत नाही.

२३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा या घराण्यातला सर्वांत गाजलेला संगणक. सोळा किलोबाइटचा १२५ पौंडांना आणि अठ्ठेचाळीस किलोबाइटचा १७५ पौंडांना. रबरी कळा, कोपऱ्यात इंद्रधनुषी पट्टा आणि आत साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर. पोस्टाने मागवलेले यंत्र सुरुवातीला आठवडेच्या आठवडे येत नसे आणि आलेले बिघडून परत जाण्याचे प्रमाणही बरेच होते, पण रंग दाखवणारा एवढा स्वस्त संगणक दुसरा नव्हता. त्या रंगांची युक्ती गणिताच्या शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा तर सगळी स्मृती चित्रातच संपली असती. म्हणून ठिपका पेटलेला की विझलेला एवढेच वेगळे साठवायचे, त्याला ६,१४४ बाइट लागतात, आणि रंग मात्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला मिळून दोनच द्यायचे, त्याला फक्त ७६८ बाइट पुरतात. परिणाम असा की खेळातला माणूस झाडासमोरून गेला की झाडाचा तेवढा चौकोन माणसाच्या रंगाचा होऊन जाई. आजचे चित्रकार मुद्दाम तशी चित्रे काढतात आणि त्याला शैली म्हणतात. मुळात ती काटकसर होती.

कॅसेटवरून संगणकात कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, भरण्याचा विधी ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्या गावातील एका डॉक्टरांच्या भाच्याने लंडनहून आणलेला स्पेक्ट्रम मी जवळून पाहिला आहे. 'जे' ही एकच कळ दाबली की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटे, कारण बेसिक या संगणकाच्या भाषेतील प्रत्येक आज्ञा एकेका कळीवर बसवलेली होती. मग टेपरेकॉर्डर सुरू करायचा. आधी पडद्याच्या कडेला तांबड्या आणि निळसर रुंद पट्ट्या सरकत आणि एकसुरी शिट्टी वाजे. मजकूर येऊ लागला की पट्ट्या निळ्या-पिवळ्या आणि बारीक होत, आवाज चिरका आणि खरखरीत होई. अठ्ठेचाळीस किलोबाइटचा खेळ भरायला पाच मिनिटे लागत, आणि चौथ्या मिनिटाला 'टेप लोडिंग एरर' अशी ओळ उमटली की पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरांकडचा टेपरेकॉर्डर गाण्यांचा होता. त्याच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू पेचकसाने पाव फेरा फिरवून, शिट्टी जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे तो ठेवायचा, हे ज्ञान त्या मुलाने कोणत्याही पुस्तकातून मिळवलेले नव्हते. २०२४ साली बाजारात आलेल्या स्पेक्ट्रमच्या नव्या प्रतिकृतीत रबरी कळा जशाच्या तशा आहेत, अठ्ठेचाळीस खेळ आत भरलेले आहेत आणि ते तत्क्षणी सुरू होतात. विकत घेणाऱ्याला हौस भागवण्यापुरते ते ठीकच आहे, परंतु वापर कसा होता याचा पुरावा म्हणून तिच्याकडे पाहता येणार नाही.

हे स्पेक्ट्रम बनत होते स्कॉटलंडमधील डंडी येथे, घड्याळे बनवणाऱ्या टायमेक्स कंपनीच्या कारखान्यात, आणि जुळणीच्या रांगांवर काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सिंक्लेअर यांचे यंत्र पन्नास लाखांवर खपले, असे आपण वाचतो. त्यांतली असंख्य यंत्रे ज्या हातांनी जोडली, त्या हातांविषयी काही वाचायला मिळत नाही. १९९३ साली कडवट संपानंतर तो कारखाना बंद पडला. पण त्याच गावात, टायमेक्समध्ये उमेदवारी केलेल्या डेव्हिड जोन्स नावाच्या तरुणाने नोकरी गेल्यावर मिळालेल्या पैशांतून संगणक घेतला, १९८७ च्या सुमारास डीएमए डिझाइन ही कंपनी काढली आणि पुढे तिथूनच जगभर गाजलेला ग्रँड थेफ्ट ऑटो हा खेळ निघाला. १९९७ साली डंडीच्याच ॲबर्टे विद्यापीठात संगणकीय खेळांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. कारखान्याचे आणि या भरभराटीचे नाते तिथे सगळे जाणतात. कामगार स्त्रियांच्या आठवणींवर आधारलेला एक उपक्रमही डंडीत २०१८ साली झाला, म्हणजे कारखाना बंद पडल्यावर पंचवीस वर्षांनी. एवढा उशीर का झाला, याचे उत्तर जुन्या जाहिराती चाळल्या तर सापडते. त्यांत संगणकासमोर मुलगा बसलेला असतो, मागे वडील उभे असतात, आणि आई असलीच तर हातात ट्रे घेऊन. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास सदतीस टक्क्यांपर्यंत चढून तिथून घसरत गेले, आणि घरात आलेला संगणक मुलाच्या खोलीत गेला हे त्याचे एक कारण अनेक अभ्यासक मानतात.

दुसरीकडे केंब्रिजमध्ये एकॉर्न ही कंपनी होती. सिंक्लेअर यांच्याकडून बाहेर पडलेले क्रिस करी आणि मूळचे ऑस्ट्रियाचे हर्मन हाउझर यांनी ती १९७८ साली स्थापन केली. बीबीसीने संगणक साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला, त्यासाठी दूरचित्रवाणीवर मालिका करायचे ठरवले आणि मालिकेसोबत शिकण्यासाठी स्वतःच्या नावाचा संगणक असावा असे ठरवून एकॉर्नची निवड केली. सोफी विल्सन यांनी त्याची बेसिक भाषा लिहिली, स्टीव्ह फर्बर यांनी यंत्ररचनेचे काम केले, आणि पाच दिवसांत नमुना उभा केल्याची त्यांचीही एक दंतकथा आहे. फरक इतकाच की ती सांगणारे स्वतः तिथे हजर होते. डिसेंबर १९८१ मध्ये यंत्र आले, जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. मॉडेल बी ची किंमत लवकरच ३९९ पौंड झाली, म्हणजे स्पेक्ट्रमच्या दुपटीहून जास्त. घरी तो परवडणारी कुटुंबे थोडी असणार हे उघड होते. तो मुख्यतः शाळांत गेला, कारण ब्रिटिश सरकार शाळांना संगणकाच्या निम्म्या किमतीचे अनुदान देत होते. बाजारपेठेच्या चमत्काराची कथा सांगणारे लेखक हा तपशील वगळतात, आणि १९८४ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या एका पबमध्ये सिंक्लेअर आणि करी यांची जाहिरातीवरून हातघाई झाली हा प्रसंग मात्र तिखटमीठ लावून सांगतात. बीबीसीने २००९ साली या दोघांच्या चुरशीवर नाट्यपट काढला, त्यातही तो आहेच. एका सार्वजनिक प्रसारण संस्थेने, शिक्षण खात्याने आणि उद्योग खात्याने मिळून काय केले याचा नाट्यपट होत नाही, हे मान्य. पण इतिहासात तरी ते यायला हवे.

या धोरणाने साऱ्या पिढीला संगणकाचे कार्यक्रम लिहिता येऊ लागले, असा जो सूर स्मरणरंजनात लागतो, तो मला पटत नाही. बहुतेक मुले घरच्या यंत्रावर खेळच खेळत होती. परंतु काही बी रुजले. एकॉर्नच्या त्याच मंडळींनी स्वतःचा प्रोसेसर रचला आणि २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली एआरएम चिप चालू झाली. तेव्हा कंपनी जवळजवळ बुडालेली होती, तिचा मोठा हिस्सा इटलीच्या ऑलिवेट्टीने घेतला होता. पुढच्या वर्षी सिंक्लेअर यांनीही आपला संगणक व्यवसाय ॲमस्ट्रॅडला पन्नास लाख पौंडांना विकला. दोन्ही घराणी दोन वर्षांत गेली, आणि तरी हे पत्र ज्यांच्या मोबाइलवर वाचले जाईल त्यांच्या हातात त्या चिपेची वंशावळ आहे. २०१२ मध्ये केंब्रिजमध्येच आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या आवृत्त्यांना मॉडेल ए आणि मॉडेल बी ही नावे दिली गेली ती बीबीसीच्या संगणकाची आठवण म्हणून.

आता आपल्याकडचे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात देशभरातील सुमारे अडीचशे शाळांना बीबीसीचे हेच संगणक देण्यात आले, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तत्सम संस्थांत मार्गदर्शन केंद्रे नेमली गेली आणि शाळांतील शिक्षकांना तिथे थोड्या दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने हेच यंत्र 'युनिकॉर्न' या नावाने भारतात जुळवायला घेतले. स्पेक्ट्रमचीही एक परवानाधारक भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास काढली होती. म्हणजे आपल्याकडे 'पीसीच्या आधी काहीच नव्हते' हे खरे नाही. मात्र एक फरक लक्षात घ्यावा लागेल. ब्रिटनमध्ये जो घरगुती संगणक होता, तो बहुसंख्य मराठी मुलांना भेटला तो शाळेच्या कुलूपबंद खोलीत, आणि त्यानंतरच्या पिढ्यांना खाजगी क्लासमध्ये, सायबर कॅफेत किंवा एमएस-सीआयटीच्या केंद्रात. घरी संगणक असणे ही आपल्याकडे फार उशिराची गोष्ट. तेव्हा इंग्रजी लेखांतून घेतलेले 'माझ्या खोलीतला माझा संगणक' हे स्मरणरंजन आपल्या अंगाला नीट बसत नाही.

आमच्या शाळेतल्या संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, यंत्रावर शिवून घेतलेले कापडी आवरण असे, आणि वीज गेली की मुले तिथेच बसून राहत. हे सगळे त्या काळच्या कोणालाही आठवेल. जे सहसा लिहिले जात नाही ते सांगतो. यंत्रे थोडी आणि मुले चाळीस, त्यामुळे एकट्याने बसणे शक्यच नव्हते. एक मुलगी कागदावरची ओळ वाचून दाखवी, दुसरी टंकित करी, तिसरा मागे उभा राहून स्वल्पविराम सुटला की ओरडे. सोबत आलेले नमुन्याचे कार्यक्रम इंग्लंडमधील मुलांसाठी लिहिलेले असल्यामुळे आमच्या मुलांना त्यांत फारसा रस नव्हता, आणि म्हणून आम्ही पडद्यावर मराठी अक्षरे आणायचे ठरवले. बीबीसीच्या बेसिकमध्ये कोणत्याही चिन्हाचा आकार बदलण्याची सोय होती. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचे, त्यातल्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक संख्या द्यायची. चौकटीच्या वहीत मुलांनी आठ बाय आठ घरे आखली, डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे मथळे दिले आणि काळ्या केलेल्या घरांची बेरीज काढू लागली. शिरोरेखा म्हणजे सगळी घरे काळी, म्हणून पहिली संख्या कायम २५५. 'म' आणि 'न' सुखाने बसले. 'क्ष' काही केल्या बसेना. वेलांटी आणि मात्रा यांना शिरोरेखेच्या वर जागाच उरली नाही, म्हणून शिरोरेखा दोन ओळी खाली घ्यावी लागली आणि मग २५५ ही संख्या तिसरी झाली, अक्षरे बुटकी झाली. द्विमान पद्धतीचे माझे कोणतेही व्याख्यान त्या वहीइतके उपयोगी पडले नसते. या मुलांतील बहुतेकांच्या घरी पुढची पंधरा वर्षे संगणक आला नाही, आणि त्यांतले बहुतेक संगणक क्षेत्रात गेलेही नाहीत. म्हणून त्यांच्या त्या दुपारींना इतिहासात जागा नसावी काय?

यंत्रांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या नोंदवहीत, त्यांची नोंद 'संगणक, विदेशी' एवढीच होती. काही वर्षांनी नवे पीसी आले, जुन्या यंत्रांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती निकामी ठरवून नोंदीतून काढण्याचा, प्रस्ताव गेला, मंजुरी आली आणि भंगारवाल्याने ती वजनावर नेली. फ्लॉप्या, कॅसेटी आणि मुलांच्या वह्या रजिस्टरला नव्हत्याच, त्यामुळे त्यांच्या निर्लेखनाचीही गरज पडली नाही. यात कोणा एका संस्थेला दोष देण्याचे कारण नाही, नियमानेच सारे झाले. नियमात 'जुने' आणि 'निकामी' यांच्यामध्ये तिसरा रकाना नाही, एवढेच.

ब्रिटनमध्ये हा रकाना बऱ्याच अंशी तयार झाला आहे. केंब्रिजमध्ये आणि ब्लेचली पार्कमध्ये संगणकाच्या इतिहासाची संग्रहालये आहेत आणि तिथे ही यंत्रे चालू स्थितीत ठेवली जातात. ॲमस्ट्रॅडने १९९९ मध्येच स्पेक्ट्रमचे मूळ अंतर्गत सॉफ्टवेअर हौशी लोकांना विनामूल्य वापरण्याची मुभा दिली, त्यामुळे हजारो जुने कार्यक्रम आजच्या संगणकावर चालवून पाहता येतात. बीबीसीने २०१८ साली आपल्या साक्षरता प्रकल्पाच्या चित्रफिती आणि कार्यक्रम सर्वांसाठी खुले केले. तिथेही या कामाचा मोठा भाग पगारी तज्ज्ञांनी केलेला नाही. माळ्यावरच्या कॅसेटी उतरवून हौशी लोकांनी तो केला.

आपल्या वाचकांना आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना म्हणूनच काही व्यावहारिक विनंत्या कराव्याशा वाटतात. कोणाच्या घरी अथवा शाळेच्या कपाटात बीबीसी, युनिकॉर्न, स्पेक्ट्रम किंवा तत्सम यंत्र असेल, तर ते थेट विजेला जोडू नये. इतक्या वर्षांत वीजपुरवठ्यातील कपॅसिटर खराब झालेले असतात आणि धूर निघून यंत्र कायमचे जाऊ शकते; जाणकाराला आधी दाखवावे. कॅसेटी असतील तर त्यांचे काम अधिक तातडीचे आणि सोपेही आहे, कारण कॅसेटवरील कार्यक्रम म्हणजे शेवटी ध्वनीच असतो. चांगल्या टेपरेकॉर्डरवरून तारेने तो आजच्या संगणकात ध्वनिमुद्रित करावा, आवाज स्वच्छ करण्याच्या किंवा फाइल लहान करण्याच्या मोहात पडू नये, आणि कॅसेटच्या वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. शाळेने निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी रजिस्टरच्या पानाची प्रत, माहितीपुस्तिका आणि उरलेल्या फ्लॉप्या वेगळ्या काढून ठेवाव्यात. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज लागणार नाही.

आणि आपणांस विनंती अशी की 'क्लास' योजनेत प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, तसेच त्या खोल्यांतून शिकून आज शेतीत, बँकेत, दवाखान्यात किंवा परदेशात असलेले विद्यार्थी यांच्या आठवणी मागवणारे एखादे सदर आपण काही महिने चालवावे. ज्यांनी शिकवले ते सत्तरी ओलांडलेले किंवा तिच्या उंबरठ्यावर आहेत. शाळेचे नाव, वर्ष, यंत्राचा प्रकार आणि त्यावर प्रत्यक्ष काय केले एवढी माहिती प्रत्येकाने लिहिली, तरी महाराष्ट्रातील कोणत्या गावी कोणते यंत्र केव्हा पोचले याचा एक कच्चा नकाशा तयार होईल. माझ्याकडे प्रशिक्षणाच्या वेळी हाताने उतरवून घेतलेली टिपणे, वर्गासाठी लिहिलेले काही कार्यक्रम आणि अक्षरांच्या संख्यांचा एक तक्ता शिल्लक आहे. आपण सदर सुरू केल्यास त्यांच्या छायाप्रती पाठवून देईन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक